गावाकडून एरो इंडियाला: पास, गाडी, ऊन आणि विमानं, सगळं सविस्तर

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही बंगळुरूला एरो इंडिया बघून आलो आणि तेव्हापासून गावातले, माहेरचे, मुलीच्या शाळेतले कितीतरी जण विचारून राहिले, की पास कुठं काढला, खर्च किती आला, म्हाताऱ्या माणसाला नेता येते का, लेकरं आवाजानं घाबरत नाहीत का. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. आम्ही हिंगणघाट तालुक्यातल्या एका लहान गावातले शेतकरी लोक, घरात कोणी फौजेत नाही, कोणी विमानात बसलेलं नाही, त्यामुळं आमच्यासारख्यांचं जिथं अडते तिथलं मी जरा जास्तच लिहिणार आहे.

आधी हे असते काय ते सांगते. एरो इंडिया म्हणजे विमानांचं मोठं प्रदर्शन आणि कसरती, ते दर दोन वर्षांनी बंगळुरूजवळच्या येलहंका वायुदल तळावर भरते, १९९६ पासून. यावेळी १० ते १४ फेब्रुवारी २०२५ असं होतं. पहिले तीन दिवस मुख्यतः कंपन्यांचे आणि फौजेचे लोक, शेवटचे दोन दिवस म्हणजे १३ आणि १४ ला सामान्य माणसांसाठी प्रदर्शन खुलं. विमानांच्या कसरती मात्र पाचही दिवस.

आमच्या घरी हे खूळ मुलीचं. ती आठवीत आहे. २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी देशाच्या पहिल्या महिला फायटर पायलट झाल्या, त्यांचा पेपरातला फोटो तिच्या कपाटाला आतून चिकटवलेला आहे, आणि आमच्या शेतावरून नागपूरला उतरणारं विमान गेलं की ही हातातलं काम सोडून वर बघते. डिसेंबरात तिनं विचारलं, आई, आपण जाऊ शकतो का. मी यांना विचारलं. हे म्हणाले तूर निघू दे, सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) दिलेल्या कापसाचे पैसे खात्यात येऊ दे, मंग बघू. पैसे आले आणि ह्यांनी खरंच हो म्हटलं. फक्त फेब्रुवारीत हरभरा सोंगणीला येते, म्हणून स्वतः थांबले. मग मी, मुलगी, चौथीतला लहाना आणि मामाजी (माझे सासरे, वय ७२) असे चौघं निघालो. मामाजींना न्यायचं की नाही यावरून घरात बरेच दिवस चाललं, त्याचं पुढं सांगते.

पासचं आधी. पास ऑनलाइनच मिळतात, एरो इंडियाच्या सरकारी वेबसाइटवर. तीन प्रकार होते: बिझनेस ५००० रुपये, जनरल २५०० आणि एडीव्हीए १०००, हे माणशी. एडीव्हीए म्हणजे एअर डिस्प्ले व्ह्यूइंग एरिया, धावपट्टीच्या बाजूला मोकळी जागा, तिथून उडणारी विमानं बघायची. जनरल पासवर प्रदर्शनाचे हॉल आणि जमिनीवर उभी असलेली विमानं पण जवळून बघायला मिळतात. चौघांचे जनरल म्हणजे दहा हजार झाले असते, तेवढी आमची ऐपत नाही, म्हणून एडीव्हीए घेतले, १३ फेब्रुवारीचे. पासवर तारीख असते, त्या दिवशीचा पास त्याच दिवशी चालतो, हे लक्षात ठेवा.

फॉर्ममध्ये प्रत्येकाचं नाव, फोटो, ओळखपत्र. नाव आधारवर जसं आहे तसंच टाका. मामाजींच्या आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, मतदार कार्डावर नाही, आम्ही आधारचं घेतलं आणि प्रवासात पण तेच कार्ड ठेवलं, म्हणून कुठंच प्रश्न आला नाही. फोटोची फाईल मोठी असली की अपलोड होत नाही, ती लहान करून द्यायचं काम सेवा केंद्रातल्या पोरानं करून दिलं, २० रुपये घेतले. पेमेंटला मात्र रडकुंडीला आले. गावात घरात नेटवर्क नाही, ओटीपी यायचा तो वेळ निघून गेल्यावर. एकदा तर खात्यातून पैसे कटले आणि पास आलाच नाही. बँकेत गेले तर म्हणाले थांबा, आपोआप परत येतील. चार हजार म्हणजे काही लहान रक्कम नाही हो, रात्री झोप नाही लागली. पैसे आठवडाभरानं आले परत. मग हिंगणघाटला नणंदेच्या घरी बसून दुपारच्या वेळी भरले, तिथं पाच मिनिटांत झालं, क्यूआर कोडवाले पास मेलवर आले. सांगायचं एवढंच की नेटवर्क चांगलं असेल तिथं जाऊनच पैसे भरा, आणि कटलेल्या पैशाचा एसएमएस डिलीट करू नका.

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच सुरू होते, नोव्हेंबर २०२४ पासून नियम बदलला, आधी १२० दिवस होते. आम्ही जाणार ११ फेब्रुवारीला, म्हणजे डिसेंबरच्या मध्यालाच तिकीट काढायला पाहिजे होतं, पण तेव्हा घरात होकारच झालेला नव्हता. जानेवारीत बघितलं तर वेटिंग. त्या वर्षी प्रयागराजचा महाकुंभ १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी, आणि उत्तरेकडून नागपूरमार्गे बंगळुरूला जाणाऱ्या गाड्या कुंभाच्या लोकांनी भरलेल्या. आमचं दोन कन्फर्म, दोन आरएसी असं झालं. आरएसी म्हणजे बसायला जागा नक्की, झोपायची एक बर्थ दोघांत, त्यामुळं वेटिंगवाल्यांपेक्षा बरं. मामाजी ७२ चे असले तरी ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे. लहान्याला स्वतंत्र बर्थ पाहिजे तर पूर्ण तिकीट. एसटीत मात्र उलटं, हिंगणघाट ते नागपूर चौघांचंही अर्धं तिकीट लागलं: मी आणि मुलगी महिला म्हणून, मामाजी ६५ च्या वरचे म्हणून, लहाना बारा वर्षांच्या आतला म्हणून. कंडक्टरभाऊ पण हसले.

आता मामाजींचं. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना बीचवर वायुदलाचा एअर शो झाला, लाखोंनी लोक आले, आणि ऊन आणि गर्दीत पाच जण गेले. ती बातमी आमच्या ह्यांच्या डोक्यात पक्की बसलेली. ते म्हणत होते बाबांना नेऊ नको. मामाजी म्हणत होते मी सगळी हयात उन्हात काढली, मला ऊन काय शिकवता. मी दोघांचंही ऐकलं. गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरताईंना विचारून मामाजींचं बीपी तपासून घेतलं, गोळ्यांची चिठ्ठी पॉलिथिनमध्ये गुंडाळून त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवली, ओआरएसची पाकिटं घेतली, सुती दुपट्टे घेतले, टोप्या घेतल्या, आणि ठरवलं की मामाजी थकले म्हणाले की शो अर्धा सोडून निघायचं, मुलीनं पण हे आधीच कबूल केलं. कानासाठी आमच्याच वावरातला कापूस, सरकी काढून, डबीत भरून. तुम्ही मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घेतले तर अजून चांगलं, वीस-तीस रुपयांत येतात.

शाळेत अर्ज दिला. दहावीची परीक्षा २१ तारखेपासून होती म्हणून सर लोक त्याच धावपळीत, पण वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या येऊन वर्गाला सांगायचं, मग सुट्टी.

११ ला निघालो. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, कुंभाहून परतणारे लोक, प्रत्येकाजवळ गंगाजलाची कॅन. एका आजीनं मामाजींना बसल्या जागी गंगाजल दिलं. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा असं दोन वेळचं नेलं होतं, बाहेरचं काही घ्यावं लागलं नाही. बल्लारशा गेलं की मराठी संपते आणि मग तेलुगू, तमिळ पाट्या वाचायचा खेळ सुरू. १२ तारखेच्या रात्री बंगळुरूला उतरलो.

लॉज हेब्बाळच्या पुढं घेतला होता, येलहंका जवळ पडावं म्हणून. शोच्या दिवसात त्या भागात भाडं वाढते, आम्हाला रात्रीचे १४०० पडले, चौघांना एकच खोली, जास्तीच्या गाद्या मागून घेतल्या. सगळ्यांचं ओरिजिनल ओळखपत्र बघतात. जेवायला खाली गेलो तर हॉटेलात मटण-चिकन बंद असल्याची पाटी. येलहंका तळाच्या १३ किलोमीटरच्या परिसरात २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी मांसविक्रीला बंदी होती. कारण ऐकून मामाजींना एकदम पटलं: मांसाचे तुकडे बाहेर पडले की घारी येतात, घारी आल्या की विमानाला धडकतात. आमच्याकडं ढोर मेलं की घारी किती वर चकरा मारतात हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. आणखी एक, कर्नाटकात बायांना सरकारी बसमध्ये फुकट प्रवास आहे, पण तो तिथं राहणाऱ्यांनाच, आपलं आधार दाखवून चालत नाही. तिकीट काढा.

१३ तारीख, गुरुवार. पहाटे उठलो, इडली खाऊन निघालो. स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन जायचा विचार असेल तर माझं ऐका आणि बसनं जा. बल्लारी रोडवर गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. जीकेव्हीके, म्हणजे तिथलं कृषी विद्यापीठ, त्याच्या आवारात फुकट पार्किंग आणि तिथून शोपर्यंत बीएमटीसीच्या (बंगळुरूच्या सिटी बससेवेच्या) फुकट बस होत्या, आम्ही तिथूनच गेलो. दुसरं कारण पण आहे. २०१९ च्या शोला पार्किंगच्या वाळल्या गवताला आग लागली आणि ३०० च्या आसपास गाड्या जळाल्या. फेब्रुवारीतलं वाळलं गवत काय असते ते आपल्याला सांगायला नको.

गेटवर रांग मोठी, पण पुढं सरकत होती. प्रिंट आणि ओळखपत्र हातात ठेवा, मोबाइलवर विसंबू नका, तिथं हजारो लोक एकदम आले की नेटवर्क बसते. आमच्या पुढचे नागपूरचे एक काका होते, त्यांचा खर्रा (सुपारी-तंबाखू) आणि लायटर दोन्ही काढून ठेवायला लावले. आमची झडती झाली, कापसाची डबी उघडून बघितली त्या ताईनं, मी सांगितलं घरचा आहे, कानासाठी, तर तिनं हसून परत दिली. आत गेल्या गेल्या मी चौघांची भेटायची एक जागा ठरवली, पाण्याच्या टँकरजवळ, आणि लहान्याच्या खिशात माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकली. सावली जवळजवळ नाहीच. दुपट्टा ओला करून मामाजींच्या डोक्यावर टाकला आणि त्यांना दुपट्याची घडी करून खाली बसवलं.

आणि मग सुरू झालं.

पहिलं तेजस, आपल्या देशात बनलेलं लढाऊ विमान, गेलं तेव्हा लहाना आवाजाकडं बघत राहिला आणि त्याला विमान दिसलंच नाही, तो रडायलाच आला. बाजूला एक निवृत्त वायुसैनिक बसले होते, त्यांनी समजावून सांगितलं की आवाज एका सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, विमान किलोमीटरभर लांब असलं तर आवाज तीन सेकंद उशिरा येतो, तोपर्यंत विमान पुढं निघून गेलेलं असते. बेटा, आवाजाच्या पुढं बघ. तेव्हापासून लहान्याला एकही विमान चुकलं नाही. ही एक गोष्ट तुमच्या लेकरांना जायच्या आधीच सांगून ठेवा.

सुखोई-३० एमकेआय उभंच्या उभं वर चढलं, मागं दोन इंजिनांची नारिंगी आग दिवसाढवळ्या स्पष्ट दिसत होती, आणि वळताना पंखांवर एकदम पांढरी वाफ धरायची आणि नाहीशी व्हायची. छातीत हादरा बसते, कानात कापूस असला तरी. मुलीनं मामाजींना ओरडून सांगितलं, आबा, हे आपल्या नाशिकला बनते, ओझरला! मामाजींना ते माहीतच नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, आपल्या नाशिकला? मग रशियाचं सु-५७ आलं. ते वेगानं जाता जाता नाक वर करून जवळजवळ थांबल्यासारखं झालं, माझ्या पोटात गोळा आला की आता पडते, आणि तेवढ्यात ते वळून निघून गेलं. यावेळी रशियाचं सु-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ दोन्ही एकाच शोला आलेली होती, हे पहिल्यांदाच झालं म्हणे. एफ-३५ प्रदर्शनाच्या भागात उभं होतं, एडीव्हीएवाल्यांना तिकडं जाता येत नाही, मुलीला त्याचं थोडं वाईट वाटलं. ज्यांना जमेल त्यांनी निदान लेकराचा तरी जनरल पास काढावा, सोबत एक मोठं माणूस.

ध्रुव हेलिकॉप्टरवर कसरती करणाऱ्या सारंग पथकाची मुलीनं फार वाट बघितली होती, पण जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं आणि तेव्हापासून ही हेलिकॉप्टरं जमिनीवरच ठेवलेली, म्हणून सारंग नव्हतं.

सूर्यकिरण, म्हणजे वायुदलाचं विमानांच्या कसरतीचं पथक, त्याबद्दल काय लिहू. नऊ हॉक विमानं, एकमेकांना इतकी लागून की खालून वाटे पंखाला पंख घासतो, आणि मागं सोडलेल्या धुराच्या रेघा तिफणीनं पेरलेल्या ओळींसारख्या सरळ. मग एकदम फुटून चारी दिशांना जातात आणि दोन समोरासमोर येतात, सगळ्या गर्दीचा श्वास अडकते. मी लेकरांना तिथंच सांगितलं की याच येलहंक्यात १९ फेब्रुवारी २०१९ ला सरावात सूर्यकिरणची दोन विमानं धडकली होती आणि एक वैमानिक गेले. टाळ्या वाजवताना हेही माहीत असलं पाहिजे असं मला वाटते. मुलगी काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी विमानं समोरासमोर आली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला होता.

सकाळचं सत्र झालं की मधे बराच वेळ रिकामा, दुपारी दुसरं सत्र. या मधल्या वेळातच लोक थकतात. खायला स्टॉल आहेत, पण महाग, आणि यूपीआय चालत नव्हतं, तर रोख ठेवा. आम्ही ओआरएस पीत, टँकरचं पाणी भरत बसून राहिलो. मामाजींना मी तीनदा विचारलं जायचं का. ते म्हणाले आता उठवू नको. दुपारी एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) एचटीटी-४० नावाचं नवीन ट्रेनर विमान उडालं, पंख्याचं, लहान, लोक त्याकडं फारसं लक्ष देत नव्हते, पण मुलगी म्हणाली पायलट पहिल्यांदा अशाच विमानावर शिकतात, म्हणून तिनं सगळ्यात जास्त तेच बघितलं. परतीला गर्दी एकदम सुटते, आम्ही अर्धा तास तिथंच बसून राहिलो आणि मग निघालो, तरी लॉजवर पोचायला अंधार पडला.

१४ तारखेला जुन्या एअरपोर्ट रोडवरचं एचएएलचं म्युझियम बघितलं. एरो इंडियाला जाल तर हे सोडू नका, तिकीट फार नाही आणि इथं विमानाच्या अगदी पोटाखाली उभं राहता येते. खिळे दिसतात, रंगाचे पोपडे दिसतात, चाकाच्या खोबणीत चिमण्यांनी आणलेली काडी पण दिसली. मरुत तिथं आहे, भारतातच आखून बनवलेलं पहिलं जेट लढाऊ विमान, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. जर्मनीहून आलेल्या कुर्ट टँक यांनी ते आखलं. पाहिजे तेवढ्या ताकदीचं इंजिन त्याला कधीच मिळालं नाही, तरी १९७१ च्या लढाईत ते राजस्थानच्या बाजूनं लढलं. मामाजी तेव्हा अठरा वर्षांचे, पाटलांच्या वाड्यात रेडिओवर बातम्या ऐकायला जायचे, त्यांनी मरुतच्या पंखाला हात लावता येईल का म्हणून तिथल्या माणसाला विचारलं, परवानगी मिळाली नाही, मग जितकं जवळ जाता येते तितकं जाऊन उभे राहिले.

कॅनबेरा आहे, किरण आहे, ही जुनी जेट विमानं. आणि एचटी-२ आहे. १९५१ मध्ये उडालेलं पंख्याचं ट्रेनर, डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आखलेलं, आपले कोल्हापूरकडचे. स्वतंत्र भारतानं घडवलेल्या पहिल्या विमानांतलं हे एक. आणि ज्या कारखान्यात ते बनलं तो १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सुरू केलेला. काल डोक्यावरून गेलेलं एचटीटी-४० याच कामासाठी आहे, नवीन पोरांना शिकवायला, मधे इतकी वर्षं गेली. मला हे शाळेत कोणी सांगितलेलं आठवत नाही. मुलीनं घाटग्यांचं नाव वहीत लिहून घेतलं आणि वर्गाला सांगायचं भाषण तिनं तिथूनच सुरू केलं, सु-५७ पासून नाही.

१५ ला परतीची गाडी, सगळ्या बर्थ कन्फर्म, चौघंही नागपूरपर्यंत झोपून आलो. मामाजींना काहीही झालं नाही.

खर्च सगळा मिळून १७ हजारांच्या आतबाहेर. पास ४०००, रेल्वे दोन्हीकडची साडेपाच हजाराच्या आसपास, लॉज तीन रात्रींचा ४२००, बाकी एसटी, सिटी बस, खाणं, म्युझियम आणि लहान्यानं हट्टानं घेतलेलं लाकडी विमान. जनरल पास असता तर सहा हजार वर.

२०२५ नंतरचा शो दोन वर्षांनी. ज्यांना जायचं आहे त्यांनी तारखा जाहीर झाल्या की आधी रेल्वेच्या ६० दिवसांची तारीख कॅलेंडरवर लिहा, त्या दिवशी सकाळीच तिकीट काढा, मग पास. सगळ्यांच्या आधारवरचं नाव एकदा तपासून घ्या, आणि मोबाइल नंबर जुना असेल तर आत्ताच बदलून घ्या, २०२५ च्या सुरुवातीला आधार केंद्रात त्याचे ५० रुपये लागत होते. म्हातारं माणूस सोबत असेल तर मधल्या वेळात बसायला घडीचा स्टूल मिळाला तर न्या, पण गेटवर तो सोडतात की नाही हे त्या वर्षीच्या पाससोबत आलेल्या यादीत बघूनच घ्या.